कोरिटाचा टोमॅटो: नंबर न घातलेल्या एका सिल्कस्क्रीनचं प्रकरण

१९६४ साली लॉस एंजेलिसमधल्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजच्या कलाविभागातून एक सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीतून शाई उतरवून केलेलं मुद्राचित्र, बाहेर पडलं. साधारण ३० इंच बाय ३६ इंचाचा कागद, लाल, नारिंगी, पिवळा असे तापलेले रंग, आणि सगळी जागा अडवून बसलेला एकच शब्द: टोमॅटो. त्या अवाढव्य अक्षरांच्या मधेमधे बारीक हस्ताक्षरातला मजकूर आहे. लांबून तो नक्षीसारखा दिसतो, कागदाजवळ नाक नेलं की वाचता येतो. मजकुराचा गाभा असा, की मदर मेरी हा सगळ्यांत रसाळ टोमॅटो आहे.

छापणारी बाई नन होती. वय ४५, अंगात पायघोळ झगा, नाव सिस्टर मेरी कोरिटा. कॉलेज चालवणारा नन्सचा संघ तिचाच. आणि हे कॉलेज ज्याच्या धर्मप्रांतात येत होतं तो आर्चबिशप म्हणजे कार्डिनल जेम्स फ्रान्सिस मॅकिंटायर, त्या वेळच्या अमेरिकन चर्चमधल्या सर्वांत कर्मठ माणसांपैकी एक. चित्राचं नाव होतं ‘द ज्युसिएस्ट टोमॅटो ऑफ ऑल’. मॅकिंटायरला ते झोंबलं. पुढे चार वर्षांनी कोरिटाने संघ सोडला, आणि सहा वर्षांनी संघातल्या तीनशेहून अधिक नन्सनी एकदमच व्रतांतून मोकळीक घेतली.

एका टोमॅटोने हे सगळं घडवलं असं म्हणणं बाळबोध होईल. भांडणाला इतर बरीच कारणं होती, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण या एका चित्राचा माग काढला तर दोन गोष्टी हाती लागतात. धर्मसत्तेला चित्रातलं नेमकं काय खुपलं, ही एक. आणि कलाबाजारात ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून जे विकलं जातं त्यात मर्यादा असते कशाची, ही दुसरी. मला दुसरीत जास्त रस आहे, आणि माझं म्हणणं असं की या प्रकरणात दुसरीचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिलीचंही पुरतं मिळत नाही.

फोर्ट डॉज ते हॉलिवूड

फ्रान्सिस एलिझाबेथ केंट, म्हणजे पुढची कोरिटा, २० नोव्हेंबर १९१८ रोजी आयोवा राज्यातल्या फोर्ट डॉज गावी जन्मली. सहा भावंडांत पाचवी. वाढली ती लॉस एंजेलिसमधे. १९३६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी या संघात दाखल झाली. हा शिक्षिका-नन्सचा संघ. त्यामुळे तिचं पुढचं आयुष्य ठरल्यासारखंच होतं: संघाच्या कॉलेजातून पदवी, काही वर्षं कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या लहान मुलांना शिकवणं, मग १९४७ मधे परत कॉलेजच्या कलाविभागात. १९५१ मधे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून तिने कलेच्या इतिहासात एम.ए. केलं.

सिल्कस्क्रीन तिला शिकवलं मारिया सोदी दे रामोस मार्तिनेस या बाईंनी. मेक्सिकन भित्तिचित्रकार आल्फ्रेदो रामोस मार्तिनेस यांच्या त्या पत्नी. तोवर विधवा झालेल्या. हे तपशील सांगायचं कारण असं, की कोरिटाचं मुद्राचित्रण कुठल्याही नामांकित कार्यशाळेतून आलेलं नाही. एका बाईने दुसरीला दाखवलं, दुसरीने वर्गातल्या मुलींना. १९५२ मधे ‘द लॉर्ड इज विथ दी’ या तिच्या मुद्राचित्राला लॉस एंजेलिस काउंटी म्युझियमच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि नाव झालं. त्या काळातली तिची चित्रं आज पाहिली तर ओळखू येत नाहीत. दाट, गूढ, बायझंटाइन वळणाची, एकावर एक चढवलेल्या रंगांची. संत आहेत, मेरी आहे, जरीकाठासारखी झळाळी आहे. कुणाही बिशपने आनंदाने भिंतीवर लावावीत अशी.

विभाग मात्र सुरुवातीपासून वेगळा होता. प्रमुख सिस्टर मॅग्डेलन मेरी आणि कोरिटा या दोघींनी मिळून चार्ल्स ईम्स, बकमिन्स्टर फुलर, जॉन केज, आल्फ्रेड हिचकॉक अशा माणसांना नन्सच्या कॉलेजात व्याख्यानांना आणलं. मुलींना कोरिटा पुठ्ठ्यात कापलेली एक छोटी चौकोनी खिडकी द्यायची आणि बाहेर पिटाळायची: पेट्रोल पंपावर जा, गाड्यांच्या गर्दीत जा, खिडकीतून बघा, जेवढं दिसतं तेवढंच बघा. सुपरमार्केटची पाटी त्या खिडकीतून पाहिली की तिचा अर्थ निसटतो, नुसता आकार आणि रंग उरतो. टोमॅटोची मुळं या पुठ्ठ्याच्या खिडकीत आहेत.

छपाई: जाळी, पुसणी आणि ऑगस्ट

सिल्कस्क्रीन आपल्याकडे नवं नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या कापडी पिशव्या, टी-शर्ट, निवडणुकीचे फलक यांच्या निमित्ताने गावोगावच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे ती लाकडी चौकट प्रत्येकाने पाहिलेली असते. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तो भाग स्टेन्सिलने बंद, वर शाईचा ओघळ, आणि रबराची पट्टी एका दमात ओढली की उघड्या भागातून शाई खालच्या कागदावर उतरते. एका रंगाला एक स्टेन्सिल. तीन रंग हवे असतील तर प्रत्येक कागद तीनदा चौकटीखाली जातो, आणि दरवेळी तो आधीच्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला की अक्षराच्या कडेला पांढरी फट दिसते, नाहीतर दोन रंग एकमेकांवर चढतात.

अमेरिकेतही ही आधी दुकानदारीचीच पद्धत होती: पाट्या, झेंडे, बाटल्यांवरची नावं. मंदीच्या काळात सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमधे न्यूयॉर्कला अँथनी वेलोनिसच्या पुढाकाराने १९३८ च्या सुमारास सिल्कस्क्रीनचं वेगळं पथक उभं राहिलं, आणि चित्रकारांनी हे तंत्र उचललं. साहित्य स्वस्त, यंत्र लागत नाही, रंग भरघोस. जाहिरातवाल्यांपासून आपलं काम वेगळं दिसावं म्हणून त्यांनी त्याला सेरिग्राफ असं भारदस्त नावही दिलं. कोरिटाने पंचवीस वर्षांनी उलटाच प्रवास केला. जाहिरातीचा मजकूर, जाहिरातीची अक्षरं, जाहिरातीचे रंग तिने सेरिग्राफमधे परत आणून बसवले.

तिच्या अक्षरांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. मासिकातली जाहिरात घ्यायची, ती चुरगाळायची किंवा वाकवायची, त्या वळ्यांसकट तिचा फोटो काढायचा, आणि मग ती वाकडी झालेली अक्षरं जशीच्या तशी गिरवून स्टेन्सिल कापायची. हे सगळं हाताने, संगणकाच्या कितीतरी आधी. आज फोटोशॉपमधे दोन मिनिटांत होणारं अक्षरांचं वळण तिच्या कागदांवर दिसतं तेव्हा त्याच्यामागे खरा कागद खरोखर चुरगाळलेला असतो.

आता वेळेचं गणित. कोरिटा पूर्णवेळ शिकवत होती. वर्ग, विद्यार्थिनी, व्याख्यानांचे दौरे, संघाची प्रार्थना आणि कामं. छपाईला सलग वेळ मिळायचा तो ऑगस्टमधे, उन्हाळी वर्ग संपल्यावर आणि नवं सत्र सुरू होण्याआधी, जेमतेम काही आठवडे. वर्षभर साठवलेल्या कल्पना त्या काही आठवड्यांत छापून काढायच्या. कॉलेजसमोर, फ्रँकलिन अव्हेन्यूच्या पलीकडे एका साध्या दुकानवजा इमारतीत हे काम चाले. नन्स आणि विद्यार्थिनी कागद धरायला, उचलायला, वाळत घालायला. त्या काळच्या तेलाच्या शाया सावकाश वाळत. म्हणजे किती प्रती निघणार हे बऱ्याच अंशी ठरायचं ते वाळत घालायला जागा किती, हात किती आणि सत्र सुरू व्हायला दिवस किती उरले यावर.

मुद्राचित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला अपूर्णांक आपण पाहिलेला असतो: १२/१०० म्हणजे शंभरांतली बारावी प्रत. तांब्याच्या पत्र्यावर ओरखडे काढून केलेल्या चित्रात या आकड्याला खरा आधार असतो. दाबाखाली पत्रा झिजतो, पहिल्या प्रती कुरकुरीत, पुढच्या मवाळ. सिल्कस्क्रीनच्या स्टेन्सिलचं तसं नाही. चांगली जाळी आणि नीट राखलेली स्टेन्सिल असेल तर हजारो प्रती जवळजवळ सारख्या निघतात. शंभरावर थांबायचं हे तंत्र सांगत नाही, गॅलरी सांगते. तिथे आकडा म्हणजे निव्वळ वचन: यापेक्षा जास्त छापणार नाही, म्हणून जास्त पैसे द्या.

कोरिटाने हे वचन बहुतेक वेळा दिलंच नाही. सही करायची, संघात असेपर्यंत ‘सिस्टर मेरी कोरिटा’ आणि नंतर नुसतं ‘कोरिटा’, पण नंबर क्वचितच. किंमत मुद्दाम कमी ठेवायची. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या बाईला पैसे घरी न्यायचे नव्हतेच. जे येई ते संघाला आणि कॉलेजला. चित्र शिक्षिकेच्या, पाद्र्याच्या, वसतिगृहातल्या मुलीच्या खोलीत लागावं हा हिशेब होता. आयुष्यभरात तिने जवळपास ८०० सेरिग्राफ केली. म्हणजे चित्रं मर्यादित होती, पण ती मर्यादा ऑगस्ट महिन्याची होती.

सूप, ब्रेड, टोमॅटो

जुलै १९६२ मधे लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत पॉप आर्टवाल्या, म्हणजे बाजारातल्या वस्तू आणि जाहिरातींना चित्रविषय करणाऱ्या अँडी वॉरहॉलची कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रं लागली. प्रत्येकाची किंमत १०० डॉलर. कोरिटाने ते प्रदर्शन पाहिलं. त्याच वर्षी तिचं ‘वंडरब्रेड’ आलं: पावाच्या पाकिटावरच्या रंगीत ठिपक्यांसारखे बारा गोल. ज्याला दुकानातला पाव दिसतो त्याला तो दिसेल, ज्याला मासमधली, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीतली, पवित्र भाकर दिसते त्याला ती.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात रोममधे दुसरी व्हॅटिकन परिषद, जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, सुरू झाली. तिच्या निर्णयांनुसार अमेरिकेत १९६४ च्या अखेरीपासून मास लॅटिनऐवजी इंग्रजीत होऊ लागला. शतकानुशतकं जी भाषा भाविकाला कळत नव्हती ती सोडून रोजच्या भाषेत देवाशी बोलायचं असं चर्चनेच ठरवलं. कोरिटाने हे फार शब्दशः घेतलं. १९६० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसची रोजची भाषा कोणती? बिलबोर्डची, सुपरमार्केटची, पाकिटांवरच्या घोषणांची. मग देवाशी आणि देवाबद्दल त्याच भाषेत बोलायला हरकत काय?

कॉलेजात दरवर्षी मेरीज डे साजरा व्हायचा: काळे झगे, गंभीर मिरवणूक, स्तोत्रं. १९६४ मधे कोरिटा आणि तिच्या विद्यार्थिनींनी त्याचा उत्सव करून टाकला. फुलांच्या माळा, रंगीत फलक, अन्नाच्या जाहिराती. भूक आणि अन्न हा धागा नुसता सजावटीचा नव्हता. त्याच वर्षीच्या ‘दॅट दे मे हॅव लाइफ’ या मुद्राचित्रात पावाच्या वेष्टनाची नक्षी आहे, केंटकीतल्या एका खाणकामगाराच्या बायकोचे शब्द आहेत, आणि त्यांच्या शेजारी गांधीजींचं वचन आहे: भुकेल्यांपुढे देव भाकरीच्याच रूपात येऊ शकतो. हॉलिवूडच्या नन्सच्या कॉलेजात गांधी पोचले ते असे, पावाच्या पाकिटावर बसून.

टोमॅटो याच वर्षाचा. त्यातला मजकूर कोरिटाचा स्वतःचा नाही. सॅम्युअल आयझेनस्टाइन हे लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या लिखाणातला तो उतारा. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: दुकानातली पाटी जर ‘डेल मॉन्टेचे टोमॅटो सर्वांत रसाळ’ असं सांगत असेल, तर खाली ‘मदर मेरी सर्वांत रसाळ टोमॅटो’ अशी भर घालण्यात विटंबना नाही. लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात ‘इतकी गोल, इतकी घट्ट, इतकी भरगच्च’ म्हणते तेव्हा आपल्या आत काहीतरी हलतं आणि आपल्याला त्याची लाजही वाटते. पण आपण फसलेले नसतो; आपल्याला खरंच भरलेपणाची ओढ असते, ताटांच्या ओझ्याने कण्हणाऱ्या टेबलाची, ओसंडून वाहणाऱ्या हृदयाची. जाहिरातदार त्या ओढीला चुकीचा पत्ता देतो एवढंच.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय वादाची धग कळणार नाही. अमेरिकन बोलीत त्या काळी आकर्षक, भरल्या अंगाच्या बाईला टोमॅटो म्हणत. नाक्यावरच्या पोरांचा शब्द. आयझेनस्टाइनच्या उताऱ्यातही तो तसाच उच्चारलेला आहे, लपवलेला नाही. म्हणजे एका ननने कुमारी मातेला, जिच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लागतात तिला, जाहीरपणे शरीर दिलं होतं. शिवाय चित्रात मेरी कुठेच नाही. निळी ओढणी नाही, प्रभामंडळ नाही, झुकलेली नजर नाही. मूर्तीत दोष काढता येतो. इथे बोट ठेवायला मूर्तीच नव्हती.

माझ्या मते चित्र म्हणून हे तिच्या त्या वर्षाच्या कामातलं सर्वांत नेटकं नाही. मजकूर लांब आहे, बारीक अक्षर मोठ्या अक्षरांशी झटापट करतं, आणि उतारा न वाचता पुढे गेलेल्याला हे किराणा दुकानाचं पोस्टर वाटू शकतं. पण कदाचित तेच तिला हवं असावं. पोस्टर समजून जवळ यावं आणि जवळ आल्यावर अडकावं.

कार्डिनलची अडचण

मॅकिंटायर न्यूयॉर्कचा. धर्मशिक्षणाकडे वळण्याआधी वॉल स्ट्रीटवर नोकरी केलेला, हिशेबाला पक्का, १९४८ पासून लॉस एंजेलिसचा आर्चबिशप. झपाट्याने वाढणाऱ्या शहरात त्याने शाळा आणि चर्च धडाक्याने बांधून काढली, आणि त्या शाळांमधे शिकवायला त्याला इमॅक्युलेट हार्टच्या नन्स लागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मास लॅटिनमधून बाहेर आणायला विरोध करणाऱ्यांत तो होता. आणि आता त्याच्याच प्रांतातली एक नन मेरीला टोमॅटो म्हणत होती.

त्याने संघाच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, कोरिटाला आवरा म्हणून दबाव आणला. हे एकदाच घडलं नाही. १९६५ च्या नाताळात आयबीएमच्या न्यूयॉर्कमधल्या दालनात कोरिटा आणि विद्यार्थिनींनी ‘पीस ऑन अर्थ’ नावाची मांडणी केली. व्हिएतनाम युद्ध तापत असताना शांततेचा इतका जाहीर उच्चार काहींना राजकीय वाटला आणि त्यात बदल करावे लागले. १९६६ मधे लॉस एंजेलिस टाइम्सने तिला वर्षाच्या कर्तबगार स्त्रियांत निवडलं. २५ डिसेंबर १९६७ च्या न्यूजवीकच्या मुखपृष्ठावर ती झळकली. नन्स आधुनिक होत आहेत, असा तो अंक. कार्डिनलच्या दृष्टीने याहून वाईट नाताळभेट नसेल.

आता कल्पना करा की टोमॅटो हे तैलचित्र असतं. एकच कॅनव्हास, कॉलेजच्या किंवा चॅपेलच्या भिंतीवर. बिशपच्या कार्यालयातून फोन येतो, चित्र उतरतं, कपाटात जातं, विषय संपतो. चर्चला चित्रं उतरवण्याचा अनुभव दांडगा आहे. पण हे कागद होते, स्वस्त होते, आणि ते शिक्षकांच्या, पाद्र्यांच्या, अगदी प्रोटेस्टंट घरांच्याही भिंतींवर पोचलेले होते. नंबर नसल्यामुळे किती निघाले आणि किती परत मागवायचे याचाही हिशेब नव्हता. मॅकिंटायरसारख्या व्यवस्थापकाला शब्दापेक्षा हे जास्त छळत असावं असा माझा तर्क आहे. गॅलरीच्या शिस्तीतली ५० प्रतींची एडिशन असती तर ती ५० श्रीमंत संग्राहकांच्या दिवाणखान्यात जाऊन गप्प बसली असती.

तरीही चित्रावर सगळा भार टाकू नये. संघाचं आणि आर्चबिशपचं खरं भांडण प्रशासनाचं होतं. १९६७ मधे संघाने आपल्या नियमांत बदल ठरवले: झगा घालायचा की नाही, प्रार्थनेची वेळ, शिक्षिकांचं नीट प्रशिक्षण, वर्गातल्या मुलांची संख्या. प्रमुख होत्या मदर ह्युमिलिआटा, म्हणजेच अनिता कॅस्पेरी. मॅकिंटायरचं उत्तर होतं: जुन्या पद्धतीने राहा, नाहीतर माझ्या शाळांतून बाहेर व्हा. वाटाघाटी रोमपर्यंत गेल्या आणि फसल्या. १९७० मधे तीनशेहून अधिक जणींनी व्रतं सोडली आणि इमॅक्युलेट हार्ट कम्युनिटी ही चर्चच्या अधिकाराबाहेरची संस्था उभी केली. मॅकिंटायरही त्याच वर्षी निवृत्त झाला. या सगळ्यात कोरिटाची चित्रं हा एक मुद्दा होता. मुखपृष्ठामुळे सर्वांत जास्त डोळ्यांवर येणारा.

कोरिटा त्याआधीच गेली होती. १९६८ च्या उन्हाळ्यात ती मॅसॅच्युसेट्समधे केप कॉडला विश्रांतीसाठी गेली. शिकवणं, दौरे, प्रदर्शनं, पत्रव्यवहार आणि वरून येणारा दबाव यांनी ती पार थकलेली होती. झोप उडालेली होती. तिथूनच तिने संघ सोडायचं ठरवलं. ३२ वर्षं संघात काढून वयाच्या पन्नाशीला बोस्टनमधे एकटीने घर मांडलं.

नंबर आला कुठून

इथून गोष्टीचा तोल बदलतो. बोस्टनमधे ऑगस्ट नव्हता, विद्यार्थिनी नव्हत्या, फ्रँकलिन अव्हेन्यूची खोली नव्हती. कोरिटा आराखडा करी आणि छपाई कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लाराला हॅरी हॅम्ब्लीच्या स्टुडिओत होई. १९६८-६९ मधली ‘हीरोज अँड शीरोज’ ही २९ मुद्राचित्रांची मालिका तिच्या सर्वांत संतप्त कामांपैकी आहे. मार्टिन लूथर किंग, केनेडी बंधू, व्हिएतनाम, आणि मे १९६८ मधे कॅटन्सव्हिलला लष्करभरतीच्या फायली घरी बनवलेल्या नापामने, म्हणजे चिकट ज्वलनशील द्रवाने, जाळणारे तिचे मित्र फादर डॅनियल बेरिगन आणि त्याचा भाऊ फिलिप. आता मात्र तिच्यावर स्वतःच्या घराचं भाडं होतं, आणि व्रत नव्हतं.

त्याच सुमाराला बाजार काय करत होता तेही पाहू. १९६७ मधे वॉरहॉलने मेरिलिन मन्रोची दहा सिल्कस्क्रीन काढली, प्रत्येकाची एडिशन २५०, मागे रबरी शिक्क्याने नंबर. हे लिमिटेड एडिशनचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. तीन वर्षांनी बेल्जियममधल्या दोघांशी हातमिळवणी होऊन त्याच मेरिलिन पुन्हा छापल्या जाऊ लागल्या, मागे ‘इथे तुमचीच सही करा’ अशा अर्थाचा शिक्का. व्यवहार बिनसला, छपाई थांबली नाही. त्यातल्या काही प्रती वॉरहॉलपुढे आल्या तेव्हा त्याने त्यावर लिहून दिलं, ‘हे माझं नाही’, आणि खाली सही केली. त्याही आता विकल्या जातात. २५० हे वचन किती पक्कं होतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

बिननंबरी कोरिटाचं बाजारात नेमकं उलट झालं. अनेक दशकं तिची चित्रं फारशी कुणी मोलाची मानली नाहीत. पॉप आर्टच्या इतिहासात वॉरहॉल, लिख्टेनस्टाइन, रूशे यांची नावं आली, ननचं आलं नाही. स्वस्त, भरपूर, नंबर नसलेली, धार्मिक, आणि बाईने केलेली: संग्राहकाने नाक मुरडायला यातलं एकही कारण पुरलं असतं. मतं बदलली ती या शतकात. २०१३ मधे स्किडमोर कॉलेजच्या टँग म्युझियममधून निघालेलं मोठं पुनरावलोकन आणि २०१५ मधे हार्वर्डच्या कला संग्रहालयांनी तिला थेट पॉप आर्टच्या चौकटीत मांडणारं प्रदर्शन, यानंतर तिच्याबद्दल बोलण्याचा सूर बदलला.

मग प्रती मोजायची वेळ आली आणि पंचाईत झाली. मोजणार कशा? सही, कागद, रंग, छापल्याचं वर्ष आणि प्रत कुणाकडून कुणाकडे गेली याचे कागद, एवढ्यावर भागवावं लागतं. कोरिटाने मृत्युपत्रात चित्रांचा एक मोठा संच लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या ग्रुनवाल्ड सेंटरला दिला आणि उरलेली चित्रं व हक्क इमॅक्युलेट हार्ट कम्युनिटीला. या दोन ठिकाणच्या संग्रहांमुळे कुठलं चित्र कधीचं आणि मूळ रंग कसे, हे ताडून पाहता येतं. नंबर नसणं म्हणजे नक्कल, असं समजून कुणी टोमॅटोची प्रत नाकारली तर तो शहाणपणा ठरणार नाही. उलट १९६४ च्या एखाद्या प्रतीवर सुबक अपूर्णांक दिसला तर मी आधी तो कुणी आणि कधी लिहिला ते विचारेन.

तिचं शेवटचं पर्व थोडक्यात. १९७१ मधे बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या गॅसच्या अवाढव्य टाकीवर तिने इंद्रधनुष्याचे फटकारे आखले. निळ्या पट्ट्यात उत्तर व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह याचा चेहरा दडलाय असं लोक अजून म्हणतात. तिने ते नाकारलं होतं. १९७४ मधे कॅन्सर निघाला. काम शांत झालं, जलरंग वाढले. १९८५ मधे अमेरिकन टपालखात्याने तिचं ‘लव्ह’ तिकीट काढलं, २२ सेंटचं, आणि ते ७० कोटींहून जास्त विकलं गेलं. अनावरणाचा सोहळा टपालखात्याने ‘द लव्ह बोट’ या टीव्ही मालिकेच्या सेटवर ठेवला. तिला तो संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत हवा होता. ती गेली नाही. १८ सप्टेंबर १९८६ रोजी, ६७ व्या वर्षी तिचं निधन झालं.

राहता राहिली छपाईची जागा. ५५१८ फ्रँकलिन अव्हेन्यू इथली ती बसकी इमारत पुढे कपडे ड्रायक्लीन करणाऱ्याचं दुकान झाली. २०२० मधे पार्किंगसाठी ती पाडायचा बेत निघाला. कोरिटा आर्ट सेंटरने आणि इतरांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०२१ मधे लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने इमारतीला ऐतिहासिक-सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा दिला. टोमॅटोच्या प्रती किती निघाल्या याचा आकडा तेवढा तिथल्या कुणालाही देता आलेला नाही.